मदत हवी आहे: अँकरेजला (अलास्का) विमान बदलणाऱ्या मालासाठी इन-बॉन्ड (क्लिअरन्सआधीच माल कस्टम्सच्या देखरेखीत पुढच्या शहरी नेण्याची नोंद) कोण भरतं?

तैपेई–अँकरेज–शिकागो असा माल आहे. अँकरेजपर्यंत एका आशियाई एअरलाइनचा फ्रेटर (मालवाहू विमान), पुढे दुसऱ्या परदेशी एअरलाइनचा. मास्टर एअरवेबिल (विमानाने माल नेण्याचा मुख्य दस्तऐवज) एकच, माल साधे इलेक्ट्रॉनिक्स (बॅटरी नाही), आणि इम्पोर्ट क्लिअरन्स शिकागोलाच करायचंय.

परदेशी विमानाला अमेरिकेतल्या दोन शहरांमधला देशांतर्गत माल नेता येत नाही, हे ठाऊक आहे. पण अलास्कासाठी 2003 च्या कायद्यात सवलत आहे: तिथे माल उतरवून दुसऱ्या विमानात चढवला तरी त्याचा आंतरराष्ट्रीय प्रवास मोडला असं धरत नाहीत. त्यामुळे कृपया कॅबोटाजवर (परदेशी विमानाने देशांतर्गत माल नेण्यावर) चर्चा नको. गाडी कस्टम्सपाशी अडलीय.

पहिल्या एअरलाइनचा एजंट म्हणतो, इन-बॉन्ड पुढची एअरलाइन करेल. पुढचीवाले म्हणतात, मॅनिफेस्ट (विमानातल्या मालाची यादी) ज्याचं, त्यानेच इन-बॉन्ड करायचं. दोघांनाही ईमेल केले, उत्तरं तीच, फक्त सीसीमधली माणसं वाढली! अमेरिकेतला कस्टम्स ब्रोकर शिकागोच्या पुढचंच बघतो.

अशा इंटरलाइन ट्रान्सफरचं (एका एअरलाइनकडून दुसरीकडे माल देण्याचं) काम प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगावं: अँकरेज–शिकागो टप्प्याची इन-बॉन्ड नोंद कोणती एअरलाइन करते, आणि ती पहिलं विमान उतरण्याआधीच व्हावी लागते का?