मराठेशाही दुसऱ्या बाजीरावाने बुडवली, हे कितपत खरं?

१८१८चा विषय निघाला की सगळं खापर दुसऱ्या बाजीरावाच्या माथी फुटतं. माणूस नालायक होता, त्याबद्दल वाद नाही. पण एका नालायक माणसाने बुडावं इतकं राज्य पोकळ कसं झालं? माझ्या मते मूळ सरंजामात आहे, म्हणजे फौज ठेवण्यासाठी सरदारांना मुलूख तोडून देण्याच्या पद्धतीत. शिवाजी महाराज जहागिरी द्यायला नाखूश असत, फौजेला रोख पगार देत. पुढे मुलूख तोडून दिले गेले आणि फौजा शिंद्यांच्या, होळकरांच्या, भोसल्यांच्या झाल्या. १८०३ साली असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा यशवंतराव होळकर बाजूला राहिले. पुढच्या वर्षी होळकर लढायला उतरले, तोवर शिंद्यांनी तह केलेला!

प्रतिसाद १ :
साफ असहमत. थोरल्या माधवरावांच्या वेळी सरंजाम नव्हता का? पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाई मिळाली, चुलता घरातच विरोधात, निजामाने पुणं जाळलेलं. तरी १० ऑगस्ट १७६३ला राक्षसभुवनावर निजाम मोडला, जानोजी भोसल्यांना वठणीवर आणलं, १७७१ साली फौजा दिल्लीत होत्या. सरदार तसेच, चौकट तीच.

आणि बाजीरावाने काय केलं? एप्रिल १८०१मध्ये यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज उधळली. बाजीराव पळाला तो थेट वसईला. ३१ डिसेंबर १८०२चा तह : इंग्रजांची सहा हजार फौज आणि तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख. भावाला असं मारल्यावर होळकर त्याच्या राज्यासाठी धावून का येतील? हा दोष सरंजामाचा नाही, त्या हुकमाचा आहे.

धागाकर्ता :
माधवरावांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे : सगळं एका माणसावर टेकलेलं होतं. १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला ते गेले, वय सत्तावीस. वर्षाच्या आत शनिवारवाड्यात गारद्यांनी (भाडोत्री शिपायांनी) त्यांच्या जागी पेशवा झालेल्या धाकट्या भावाला, नारायणरावांना कापलं. उलट इंग्रजांकडे बघा. १८०५ साली गव्हर्नर जनरल वेलस्लीला परत बोलावलं, त्याच्या जागी आलेला कॉर्नवॉलिस काही महिन्यांत गाझीपूरला वारला. धोरण थोडं नरमलं, पण गादीसाठी कुणी कुणाला मारलं नाही आणि दिल्ली हातची सुटली नाही.

प्रतिसाद २ :
दोघेही पैसा विसरताय. १७६५पासून बंगालचा महसूल कंपनीच्या हाती होता. असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभ्या उभ्या मेले, शौर्यात कुठेच कमी नव्हते. पण अशी झुंज वर्षानुवर्षं पोसायला तिजोरी लागते.

प्रतिसाद १ :
पैसा मान्य. पण धागाकर्ते, बारभाईंचं, म्हणजे नारायणरावांच्या खुनानंतर कारभार हाती घेणाऱ्या मुत्सद्द्यांचं काय? पेशवा तान्हा असताना त्यांनी राज्य राखलं, १७७९ला वडगावला इंग्रजांना तह करायला लावलं. म्हणजे व्यवस्था उभी राहू शकत होती. महादजी शिंदे १७९४ला गेले, नाना फडणवीस १८००ला. महादजींच्या जागी आला चौदा-पंधरा वर्षांचा दौलतराव, नानांच्या जागी त्या तोडीचं कुणीच नाही. पुढची फळी तयार करणं हे त्या दोघांचंच काम होतं, आणि ते राहिलं.