दोन मांजरं, एक वन बीएचके: भांडू द्यावं की दार लावावं?

फ्रिजवरची मनी
डोंबिवली, पहिला मजला, वन बीएचके. घरात ५ वर्षांची भाटी, मनी. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, स्वभाव आजीबाईंचा. मागच्या आठवड्यात पावसात भिजलेलं एक पिल्लू मीटर बॉक्सखाली सापडलं. साधारण ३ महिन्यांचा काळा-पांढरा बोका, नाव बंड्या. व्हेटला दाखवून आणला आणि त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सोडला. इथेच चुकलं असं आता वाटतंय.

मनीने अंग फुगवलं, फिस्कारली आणि फ्रिजवर चढली. आज आठवा दिवस, मुक्काम तिथेच. खाली उतरली की बंड्या तिच्या शेपटीवर झेप घेतो, ती पंजा मारते. परवा तिने आमच्या गादीवर शू केली. पाच वर्षांत कधी केली नव्हती.

अहो म्हणतात, "मध्ये पडू नकोस, आपसांत बघून घेतील." सासूबाई म्हणतात, होता तिथे सोडून ये. माझं मत, दार लावून दोघांना वेगळं ठेवावं आणि ओळख पहिल्यापासून करून द्यावी. पण एवढ्याशा घरात वेगळं म्हणजे कुठे?

गडग्यावरचा
अहोंना अनुमोदन. गुहागरकडे आमच्या घरी मांजरं कधी मोजली नाहीत, पण पाच-सहा असायचीच. आजी बांगडे साफ करायला बसली की मागीलदारी सगळी हजर. नवीन आलं की दोन दिवस फिस्कारफिस्कारी, मग थंडीत सगळी चुलीपाशी एकाच गोणपाटावर. शहरात मांजराचा गृहप्रवेश नव्या सुनेपेक्षा जपून करतात हल्ली.

दोन बोके
गडग्यावरचा, तुमच्या त्या घराला पडवी होती, गोठा होता, मागे आगर होतं. ज्याचं पटलं नाही तो शेजारच्या वाडीत गेला. तुम्ही मोजलीच नाहीत, मग गेला ते कळणार कसं? शिवाय अशा घरातल्या भाट्या बहुतेक मायलेकी नाहीतर बहिणी असतात, एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. बाहेरून आलेल्या बोक्याला तिथे काय वागणूक मिळायची ते आठवून बघा. डोंबिवलीत खिडकीला ग्रिल आहे. मनी जाणार कुठे? फ्रिजवर. तिथेच गेली.

फ्रिजवरची मनी, तुमचं बरोबर आहे. बंड्याला बेडरूम द्या आणि आठवडाभर दोघांची दृष्टभेटही नको. मांजर घरातलं कोण आणि परकं कोण हे वासावरून ठरवतं, तेव्हा आधी वासाची ओळख. जुना मोजा बंड्याच्या गालांवरून फिरवायचा आणि मनीच्या ताटलीपासून थोडा लांब ठेवायचा. तिचा मोजा त्याच्याकडे. नंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांचं जेवण. ताटल्या रोज वीतभर जवळ आणायच्या. कोणी खाणं सोडून दाराकडे टक लावलं तर वीतभर मागे. हे जमलं की दार किलकिलं करून मध्ये जाळी. आमच्याकडे सहा आठवडे लागले. दोन आठवड्यांत झालं असं सांगणारेही भेटतात, मला मात्र घाई केली की दोन पावलं मागेच जावं लागलं.

रेती आणि सुपली
एका दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

गादीवरची शू आधी दाखवा. मांजर सूड म्हणून गादी ओली करत नाही. ताणाने मूत्राशयाला सूज येते, शी-शूच्या रेतीच्या पेटीत बसलं की दुखतं, मग ते मऊ जागा शोधतं. आणि पुढे कधी बंड्या पेटीत पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त हव्यात, म्हणजे तुम्हाला तीन. तिन्ही एका ओळीत ठेवल्या तर मांजराच्या लेखी ती एकच पेटी. वाटेत दुसरं बसलं की तिन्ही बंद.

वेगळं ठेवायचं कारण फक्त भांडण नाही. रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर जंत येतात, पिसवा येतात, पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा संसर्गसुद्धा येऊ शकतो. मनीच्या लशी झाल्यात ना? बंड्याचं ऑपरेशन पाच-सहा महिन्यांच्या आत उरका. एकदा भिंतीवर धार मारायची सवय लागली की नंतर ऑपरेशन करूनही ती सुटेलच असं नाही.

गडग्यावरचा
वन बीएचकेत तीन पेट्या! माणसांनी राहायचं कुठे? आणि थोडं ओरबाडल्याने काही होत नाही, आमच्या थोरल्या बोक्याचा कान कायम फाटलेला असायचा.

रेती आणि सुपली
ओरखड्याचं सोडा, चाव्याचं बोलते. सुळ्याचं भोक वरून दोन दिवसांत बुजतं आणि आत पू होतो. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, पसरतो तोही मुख्यतः चाव्यातूनच. तो थोरला बोका किती वर्षं जगला?

गडग्यावरचा
... आठवत नाही. म्हातारं झालेलं मांजर आमच्याकडे एकच होतं, आजीच्या खोलीत झोपणारी भाटी. बाकीची जायची कुठेतरी. बरं, हा मुद्दा तुमचा.

एकटा जीव
दोन्ही बाजू धरूनच चालल्यात की दुसरं मांजर हवंच. का? मनीचे पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. उंदीर एवढासा, वाटून खायचा कुणाला? "एकटीला करमत नाही" हे आपण आपल्यावरून ठरवतो. बंड्याला त्याच्याच वयाचं पिल्लू असलेलं घर बघा. त्याला झेपा घ्यायला कोणीतरी मिळेल आणि मनी फ्रिजवरून खाली येईल.

फ्रिजवरची मनी
तीन ठिकाणी विचारलं. दोघांना पर्शियन हवं होतं, तिसऱ्यांनी "काळा आहे का" विचारून फोन ठेवला. पावसाळ्यात परत मीटर बॉक्सखाली सोडायचा का?

दोन बोके
एकटा जीव यांचं अर्धं मला पटतं. मैत्री व्हायलाच हवी असं नाही. माझे दोघं नऊ वर्षं एका घरात आहेत आणि एकमेकांना चाटताना मी एकदाही पाहिलेलं नाही. एकाकडे कपाटाचा माथा, दुसऱ्याकडे खिडकी. सकाळचं ऊन एकाचं, संध्याकाळचं दुसऱ्याचं. मी याला पटणंच म्हणतो. मात्र त्यासाठी भिंतीवर फळ्या ठोकाव्या लागल्या, जमिनीवर दोघांना पुरेल एवढी जागा नव्हतीच.

तेही कायमचं नसतं. मध्यंतरी एकाचा दात काढून आणला, तर दवाखान्याच्या वासामुळे दुसऱ्याने त्याला ओळखलंच नाही. परत बेडरूम, परत मोजे, परत श्रीगणेशा.

फ्रिजवरची मनी
अठरा दिवसांनी लिहितेय. तपासणीत मूत्राशयाला सूज निघाली, औषध झालं, शू पेटीत. बंड्या बेडरूममध्ये, आम्ही हॉलमध्ये.

एक गोष्ट सासूबाईंनी पकडली, ज्यांना मांजर आवडत नाही. बंड्या दाराआड असूनही मनी रोज संध्याकाळी सातच्या सुमारास गुरगुरायची आणि पायात येईल त्याला पंजा मारायची, एकदा यांनाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पत्र्याच्या शेडवर त्या वेळी एक थोराड बोका येऊन बसतो. राग त्याचा, मार आम्हाला. म्हणजे आधी बंड्यालाही यातलं थोडं मिळालं असणार. खिडकीच्या खालच्या काचेला आता पेपर चिकटवलाय. सासूबाई म्हणतात, उजेड जातो.

काल दोघं बंद दाराच्या दोन बाजूंना जेवले. ताटल्यांमध्ये अजून दोन वितींचं अंतर आहे. मनी मध्येच थांबली, दाराखालच्या फटीशी नाक नेलं, फिस्कारली आणि परत जेवायला लागली. अहो विचारतायत, बेडरूम परत कधी मिळणार?

गडग्यावरचा
अहोंना सांगा, मध्ये पडू नका, आपसांत बघून घेतील.