जुन्या एमजीबीला मेकॅनिकल गेज बसवायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांची १९६७ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) परत रस्त्यावर आणतोय. पाण्याचं तापमान आणि ऑइल प्रेशर, दोन्हींना मेकॅनिकल गेजच हवेत, म्हणजे विजेच्या सेन्सरऐवजी इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत नळी येते ते. कसारा घाट चढताना काट्यावर भरवसा पाहिजे. तापमानाच्या गेजची बारीक नळी सीलबंद असते, कापता येत नाही, म्हणून जास्तीची लांबी सैल गुंडाळून ठेवणार आहे. तो प्रश्न नाही.

अडचण ऑइलच्या नळीची. ती इंजिनाला जोडायच्या अडॅप्टरचे आटे १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचे) की एनपीटी (अमेरिकन मापाचे), हे खात्रीने कसं ओळखायचं? एकात इंचाला २८, दुसऱ्यात २७, नजरेला फरक कळत नाही. जबरदस्तीने आवळून इंजिन ब्लॉकचे आटे घालवायचे नाहीत.

आणि नळी तांब्याची घ्यावी की नायलॉनची? फुटली तर गरम ऑइल थेट पायांवर येईल.

नाशिकमध्ये अंबड किंवा सातपूरला असं अडॅप्टर मापात करून देणारा लेथवाला कुणाच्या माहितीत आहे का?