मदत हवी आहे : ‘द विकेड लेडी’ची (१९४५) मूळ ब्रिटिश आवृत्ती कशी ओळखावी?

नमस्कार. लेस्ली आर्लिस दिग्दर्शित ‘द विकेड लेडी’ हा चित्रपट आमच्या फिल्म सोसायटीत दाखवण्याचा विचार आहे. त्यासाठी नेमकी कोणती प्रत मिळवावी, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण अशी की या चित्रपटाची दोन रूपे आहेत. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळातील पोशाखांचे गळे अमेरिकी सेन्सॉरला फारच खोल वाटले, त्यामुळे तिकडच्या प्रदर्शनासाठी काही दृश्ये गळे झाकून पुन्हा चित्रित करावी लागली. (पत्त्यांत हरलेल्या दागिन्यापायी वाटमारी करू लागलेली नायिका बार्बरा गुपित फुटू नये म्हणून धर्मभीरू वृद्ध नोकराला विष घालते, तेवढ्याने भागत नाही तेव्हा उशीने त्याचा श्वास कोंडते, आणि एवढे सारे पडद्यावर असताना सर्वांत गाजला तो गळ्यांवरचा आक्षेप!) मी इंटरनेटवर पाहिलेली प्रत पुसट आहे आणि ती कोणत्या आवृत्तीची हे तिच्यावरून कळत नाही. मार्गारेट लॉकवुड किंवा पॅट्रिशिया रॉक यांच्या कोणत्या दृश्यांत हा फरक स्पष्ट दिसतो, हे कोणी सांगू शकेल का?

हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण चित्रपटानंतरची चर्चा एलिझाबेथ हाफेंडेन यांच्या वेशभूषेवरच ठेवली आहे. ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग होते, आणि कूपने मोजून कपडे घेणाऱ्या बायकांसमोर गेन्सबरो स्टुडिओने रेशीम, लेस आणि बेफिकीर नायिका आणून ठेवली. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी १९४६ मध्ये ब्रिटिश चित्रपटगृहांत सर्वाधिक गर्दी याच चित्रपटाने खेचली. झाकलेल्या गळ्यांची प्रत दाखवून हे बोलणे विचित्र दिसेल.

क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीच्या एक्लिप्स या डीव्हीडी मालिकेत हा चित्रपट ‘द मॅन इन ग्रे’ आणि ‘मॅडोना ऑफ द सेव्हन मून्स’ यांच्यासह उपलब्ध आहे. तो संच कोणाकडे असल्यास त्यात कोणती आवृत्ती आहे, इंग्रजी उपशीर्षके आहेत का आणि आपल्याकडील साध्या डीव्हीडी प्लेअरवर तो चालतो का, हे कृपया कळवावे. जेम्स मेसन यांचे संवाद उपशीर्षकांविना आमच्या ज्येष्ठ सभासदांना जड जातील. फे डनवे यांची भूमिका असलेला १९८३ चा पुनर्निर्मित चित्रपट मात्र नको आहे.

अशा जुन्या ब्रिटिश चित्रपटाच्या विनातिकीट खेळासाठी परवानगी कोणाकडे मागावी लागते, हेही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.