आवडती किशोर-फँटसी कादंबरी वाचकगटात भेट द्यायची आहे: सोडत कशी काढावी, पाठवावी कशी?

पिंपळपान:
आमचा वाचकगट साधारण दीडशे जणांचा आहे. वय वर्षं 13 पासून पुढे, बरेचसे पालक-मुलांच्या जोड्या. माणसं पुणे, नागपूर, पणजी, इंदूर, बडोदा, बेळगाव अशी विखुरलेली. गटात एक फँटसी कादंबरी भेट द्यायची आहे. त्रयीतला पहिला भाग, इंग्रजी, पेपरबॅक, 416 पानं, डेमी आकार. दोन कोऱ्या प्रती घेतल्या आहेत आणि एक वाचलेली प्रतही द्यायची तयारी आहे.

पुस्तक अतिशय आवडीचं असल्यामुळे ते नुसतं कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसू नये, वाचलं जावं, एवढीच इच्छा. विचारायचं ते असं: नावं कशी निवडावीत म्हणजे कुणाला शंका राहणार नाही? चिठ्ठ्या, की चांगल्या उत्तराला बक्षीस? टपालाने पाठवताना काय बिघडतं? आणि पाठवण्याचा खर्च किती धरावा?

तिठा:
आधी निवडीचं. उत्तम उत्तराला पुस्तक द्यायचं ठरवलंत तर तेरा वर्षांच्या मुलीचं उत्तर आणि पंचेचाळिशीतल्या, रोज लिहिणाऱ्या माणसाचं उत्तर एकाच तराजूत येतं. पुस्तक कुणाकडे जातं ते सांगायला नकोच. त्यामुळे निवड सोडतीनेच करा, पण दोन याद्या ठेवा: एक 13 ते 17 वयाची, दुसरी 18 आणि पुढची. दोन कोऱ्या प्रती आहेतच, प्रत्येक यादीला एक.

वाचणाऱ्याच्या हातात जावं यासाठी नाव देताना एकच प्रश्न विचारा: ही त्रयी आधी वाचली आहे का? हो म्हणणाऱ्याला कोरी प्रत नको, त्याला वाचलेल्या प्रतीच्या सोडतीत घ्या. मित्रांना टॅग करा, ग्रुप शेअर करा, अमुक खातं फॉलो करा, असल्या अटी अजिबात घालू नका. त्याने नावं वाढतात, पण ती फुकट काहीही गोळा करणाऱ्यांची असतात. आणि नाव नोंदवायला एक रुपयाही घेऊ नका, टपालखर्च म्हणूनसुद्धा नाही. पैसे घेऊन चिठ्ठी काढली की ती भेट राहत नाही, लॉटरी होते, आणि लॉटरीला कायदा लागतो.

आता सोडत. स्प्रेडशीटमधलं रँडबिटवीन, म्हणजे मनाला येईल तो आकडा काढणारं सूत्र, बरेच जण वापरतात. त्याची खोड अशी की शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की आकडा बदलतो. स्क्रीनशॉट घेईपर्यंत दुसरंच नाव आलेलं असतं आणि मग शंका सुरू होतात. तो आकडा लगेच ‘फक्त मूल्य’ म्हणून पेस्ट करावा लागतो, आणि तरीही बाकीच्यांना तुमच्यावर विश्वासच ठेवावा लागतो.

त्यापेक्षा कुणालाही पडताळता येईल असा आकडा घ्या. मुदत संपली की क्रमांक घातलेली यादी गटात टाका आणि गोठवा. त्यानंतरच्या अमुक दिवशी शेअर बाजाराचा सेन्सेक्स जिथे बंद होईल तो आकडा, हे आधीच जाहीर करा. समजा यादीत 47 नावं आहेत आणि सेन्सेक्स 81,523.16 वर बंद झाला. टिंब आणि स्वल्पविराम काढून 8152316. त्याला 47 ने भागा, बाकी उरते 25. त्यात 1 मिळवा, म्हणजे क्रमांक 26. एक मिळवायचा कारण बाकी 0 ते 46 येते आणि यादी 1 पासून सुरू होते. हे विसरलं की सत्तेचाळिसाव्याला कधीच संधी मिळत नाही आणि शून्य आलं तर कुणाचंच नाव निघत नाही. दुसऱ्या यादीसाठी निफ्टीचा बंद आकडा घ्या. सुट्टी आली तर पुढचा व्यवहाराचा दिवस, हेही आधी लिहा. यादी दुपारी साडेतीनच्या आत, बाजार बंद होण्यापूर्वी, गटात पडलेली हवी. इथेच सगळं तरतं किंवा बुडतं.

प्रत्येक यादीत पुढचे दोन क्रमांक राखीव ठेवा. निवडलेल्याने तीन दिवसांत पत्ता दिला नाही तर पुढचा. ही मुदत आधी सांगितली नसेल तर चौथ्या दिवशी वाईटपणा येतो.

डाकबंगला:
टपालाबद्दल लिहितो. 2025 मध्ये दोन गोष्टी बदलल्या आहेत आणि जुन्या माहितीवर लोक अजून खर्च काढतात. रजिस्टर्ड पोस्ट आता वेगळी सेवा नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. स्पीड पोस्टवर 5 रुपये अधिक जीएसटी भरून नोंदणी घेता येते, म्हणजे वस्तू पत्त्यावरच्या त्याच माणसाच्या हाती. तेवढ्याच जादा पैशांत ओटीपी सांगून डिलिव्हरीची सोय आहे. दुसरं म्हणजे, पुस्तकांसाठी 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू झाली आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100 रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं.

ज्ञान पोस्टच्या अटी नीट वाचा. पुस्तक विक्रीसाठी नसावं, त्यावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं, आत जाहिरात नको आणि वैयक्तिक पत्रही नको. भेट देणारे नेमकं इथेच अडकतात, कारण आत दोन ओळींची चिठ्ठी टाकायचा मोह होतो. ती घालायचीच असेल तर स्पीड पोस्ट करा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ही सेवा आहे, त्यामुळे कादंबरी कुठे बसते असा प्रश्न काउंटरवर येऊ शकतो. पाकिटाची एक बाजू उघडी ठेवून न्या, पुस्तक आणि प्रकाशकाचं पान दाखवा, मग तिथेच बंद करा. टेप आणि कात्री सोबत ठेवा.

वजन घरीच काढा. 416 पानं म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेले 208 कागद. डेमीचा एक कागद साधारण 14 बाय 21.6 सेंटिमीटर, जाडी 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) धरली तर आतली पानंच 440 ग्रॅम होतात. मुखपृष्ठ, पुठ्ठा आणि बबल धरून 500 च्या वर जाणार. 500 ला दर बदलतो, म्हणून किचनच्या काट्यावर बांधलेलं पार्सल ठेवून बघा. फुगीर, हलका कागद असेल तर कदाचित खाली बसेल.

बांधणी: पेपरबॅकचे कोपरे आणि कणा मोडतात, कारण पोत्यात पार्सल कोपऱ्यावर पडतं. पुस्तकापेक्षा सगळ्या बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठे असे जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा आणि पुस्तक मधे ठेवा. मार पुठ्ठ्याच्या कडेला बसतो, पुस्तकाच्या कोपऱ्याला नाही. त्याआधी पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड टेपने बंद. पावसाळ्यात हे टाळू नका, फक्त पुस्तक कोरडं असल्याची खात्री करा. दमट पुस्तक बंद केलं तर आत बुरशी धरते. रबरबँड लावू नका, कडांना खाचा पडतात. सेलोटेप मुखपृष्ठाला चिकटता कामा नये. बबलचा एक वेढा पुरे, वर खाकी कागद किंवा कुरिअरची पिशवी.

पत्ता बॉलपेनने किंवा मार्करने. जेल पेनची शाई पहिल्या सरीत पसरते. पत्त्यावर पारदर्शक टेप लावा, पण बारकोडच्या स्टिकरला जागा सोडा. पिन तपासा: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश 4 ने सुरू होतात (गोवा 403, इंदूर 452), बडोदा 390 आणि बेळगाव 590. पावतीचा फोटो लगेच काढा, थर्मल कागदावरचं छापील काही महिन्यांत पुसट होतं. त्यावरचा तेरा अक्षरांचा क्रमांक, शेवटी आयएन, विजेत्याला पाठवा.

ऋतुजाची_आई:
तिठा यांच्या दोन याद्यांना पूर्ण पाठिंबा. त्यात एक भर घालते. 18 च्या आतल्या मुलांचा पत्ता आणि फोन मुलांकडून घेऊ नका, पालकांकडून घ्या. 2023 चा डेटा संरक्षण कायदाही 18 खालच्या प्रत्येकाला मूलच धरतो आणि पालकांची संमती मागतो. घरगुती वापराला तो लागू नसेलही, पण मुलाचा पत्ता दीडशे जणांच्या गटात पडणं हे कायद्याशिवायही चुकीचंच. पत्ता एकाच व्यक्तीला, खाजगी मेसेजने. गूगल फॉर्म वापरलात तर फॉर्ममध्ये पत्ता विचारूच नका, फक्त नाव आणि वयोगट. पुस्तक पोचलं की पत्त्यांचे मेसेज काढून टाका आणि शीट असेल तर ड्राइव्हच्या ट्रॅशमधूनही, कारण तिथे ती 30 दिवस पडून असते.

आणखी एक. किशोरांची फँटसी म्हटलं की पालक परीकथा समजतात. यातल्या बऱ्याच पुस्तकांत युद्ध, छळ, जवळच्या पात्राचा मृत्यू, प्रेमप्रसंग असतात. कथानक न फोडता दोन ओळी आधीच लिहा: हिंसा कितपत आहे, प्रेमकथा कुठवर जाते, कुठल्या वयाला योग्य. तेरा वर्षांच्या मुलाच्या पालकांना निर्णय घेता येतो आणि पुस्तक परत पाठवायची वेळ येत नाही.

पुस्तक आवडलं तर मुलं लगेच दुसरा भाग मागतात. तो मराठीत आहे का, इंग्रजीत सहज मिळतो का, हेही सांगून ठेवा. अर्धवट सुटलेली त्रयी मुलांना फार खुपते.

कुणी तुम्हाला पीडीएफ पाठवायचा सल्ला देईल, ती पाठवू नका. विकत घेतलेली छापील प्रत तुम्ही कुणालाही देऊ शकता. पीडीएफ म्हणजे नवीन प्रत तयार करणं, आणि तो हक्क लेखकाचा.

पिंपळपान:
सगळ्यांचे मनापासून आभार. सेन्सेक्सची पद्धत गटाला नक्की पटेल. आता तीन शंका. दोघं सभासद दुबई आणि न्यू जर्सीला आहेत, त्यांना वगळायचं का? वाचलेल्या प्रतीला कपाटाचा वास आहे आणि कडेला कसर लागल्यासारखी दिसते. आणि पहिल्या पानावर शुभेच्छा लिहायच्या आहेत, तर कुठे लिहू?

डाकबंगला:
परदेशी पार्सलचा खर्च पुस्तकाच्या किमतीपेक्षा जास्त होतो, शिवाय कस्टम्सचा फॉर्म आणि तिथले बदलते नियम. नियम असा करा: पत्ता भारतातला हवा, नातेवाइकाचा चालेल. नागपूरला आजी-आजोबा असतील तर तिथे पाठवा, कुणीतरी येता-जाता नेतं. किंवा विजेत्याच्या देशातल्याच दुकानातून थेट त्याच्या पत्त्यावर मागवा. मात्र तिकडची आवृत्ती वेगळी असू शकते, मुखपृष्ठ आणि आकार दोन्ही. पुढचे भाग जमवणाऱ्याला ते खटकतं, म्हणून आधी विचारा.

तिठा:
कसर असेल तर ती प्रत तशी पाठवू नका, समोरच्याच्या कपाटात लागण होईल. आधी पानं उघडून मऊ ब्रशने झटका, शिवणीकडे विशेष. मग झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांना, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर पाणी जमून पानं फुगतात. दंव धरणारा जुना फ्रीज असेल तर दुहेरी पिशवी.

वासासाठी मोठ्या डब्यात पुस्तक उभं, पानं थोडी पंख्यासारखी उघडी, शेजारी वाटीत खाण्याचा सोडा, झाकण बंद, आठवडाभर. सोडा कागदाला लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या मुळीच नकोत, तो वास पानांतून जात नाही आणि पुस्तक मुलांच्या उशाशी जाणार आहे. दोन्ही करूनही काळे ठिपके वाढत असतील तर बुरशी आहे, मग ती प्रत सोडतीतून काढा.

शुभेच्छा अर्धशीर्षकाच्या पानावर लिहा, जिथे फक्त नाव छापलेलं असतं. बहुतेक फँटसीत पुढे दोन पानांवर पसरलेला नकाशा असतो, वाचक तो पुन्हा पुन्हा उघडतो, तो कोरा राहू द्या. बॉलपेन दाबून लिहिलं तर मागच्या दोन पानांवर वळ उमटतात, म्हणून खाली जाड कार्ड सरकवा आणि शाई पूर्ण वाळल्यावरच पुस्तक मिटा. विजेत्याचं नाव मात्र पत्ता आल्यावरच लिहा. राखीव क्रमांकाकडे जायची वेळ आली तर खोडाखोड होईल.