दाराबाहेर आणि दाराआत: सोरॉरिटीचा उत्साह नेमका कुठे ओसरतो?

ओहायोची आई:
माझी लेक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. इथल्या कॉलेजांशी संबंध न आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव असलेली मुलींची संघटना. वर्गणी भरायची, जमेल तेव्हा संघटनेच्याच घरात राहायचं आणि एकमेकींना बहिणी मानायचं.

पहिल्या वर्षी ‘बिड डे’ला, म्हणजे निवड झाल्याचं पाकीट हातात पडतं त्या दिवशी, तिनं व्हिडिओ कॉल केला. घसा पार बसलेला, डोळे भरलेले. "आई, मला घेतलं," एवढंच चारदा म्हणाली. तेव्हा मीही रडले. यंदा थँक्सगिव्हिंगला घरी आली, तर चॅप्टरची, म्हणजे संघटनेच्या त्या विद्यापीठातल्या शाखेची, मीटिंग बुडवल्याचा दंड फोनवरून भरत बसली होती. "दंड परवडला, मीटिंग नको," म्हणाली.

आमच्याकडे सगळे म्हणतात, पोरगी मोठी झाली, अभ्यास वाढला. मला ते पटत नाही, कारण उत्साह कधी गेला ते तिनंच मला सांगितलं. दुसऱ्या वर्षीचा ऑगस्ट, कॉलेज सुरू व्हायच्या आधीचा ‘रश’चा, म्हणजे नव्या मुली निवडायचा, आठवडा. आदल्या वर्षी ती उन्हात दाराबाहेर रांगेत उभी होती. दार उघडलं की चौकटीत एकीवर एक रचल्यासारख्या मुली, टाळ्या, आरोळ्या, सगळं जणू तिच्याचसाठी. दुसऱ्या वर्षी ती आतल्या बाजूला. आठवडाभर त्याच आरोळ्यांची तालीम, कुठल्या मुलीला कोणी हाताला धरून कुठल्या कोपऱ्यात न्यायचं त्याचा नकाशा, आणि प्रत्येक फेरीनंतर फोनवर त्या मुलींना गुण द्यायचे. एका मुलीशी ही वीस मिनिटं बोलली. दोघींच्याही आज्या त्याच वर्षी गेलेल्या. हिनं तिला भरभरून गुण दिले. दुसऱ्या दिवशीच्या यादीत ती मुलगी नव्हती.

"आई, मलाही कोणीतरी असंच मोजलं असेल ना गं?"

निवडलं जाण्याचा आनंद एका दिवसाचा. निवडण्याचं काम मात्र पुढची तीन वर्षं करावं लागतं. उत्साह तिथे संपतो, असं माझं ठाम मत आहे.

ह्यूस्टनकर:
ताई, तुमच्या लेकीचं ऐकून वाईट वाटलं. पण सगळ्या सोरॉरिटींना असं दार नसतं. १९९८ मध्ये ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात कप्पा फाय गॅमा आणि त्याच वर्षी ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा सुरू झाली, दोन्ही दक्षिण आशियाई मुलींनी काढलेल्या. मी अशाच एकीत होते. आमच्या तुकडीत आम्ही सहा जणी. सहा जणींत गुण कोणाला देणार? उलट येणारी टिकेल कशी याचीच काळजी.

आरडाओरडा करायची हौस माझीही वर्षभरात फिटली. पण बाळंतपणाच्या वेळी आईचा व्हिसा अडकला, तेव्हा माझी ‘बिग’, म्हणजे नव्या मुलीला नेमून दिलेली थोरली बहीण, डॅलसहून चार तास गाडी हाकत आली. ती गुजराती, डिंकाचे लाडू तिला ठाऊक नव्हते. तिच्या आईनं केलेला काटलू पाक स्टीलच्या डब्यात घेऊन आली आणि आठ दिवस राहिली. कॉलेज सुटून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. माझा उत्साह ओसरला असं मी कधीच म्हणणार नाही. तो मुरला.

डेटनचा बाबा:
ह्यूस्टनकर, तुमची बिग लाखात एक, वादच नाही. पण ती तुम्हाला मैत्रीण म्हणून मिळाली, आणि मैत्री वसतिगृहाच्या एका खोलीतही होते. मोठ्या संघटनांत घराचे पलंग भरलेले राहावे लागतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ठरावीक काळ घरात राहायचं बंधन असतं. करारावर सही बिड डेच्या भरात होते आणि राहायची वेळ येते तेव्हा मन उडालेलं असतं. माझ्या मुलीनं ते वर्ष कसंबसं काढलं. अठराव्या वर्षीच्या उत्साहावर विसाव्या वर्षीचं भाडं ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

डीसीवाली:
चर्चा फक्त एकाच प्रकारच्या सोरॉरिटींभोवती फिरते आहे, म्हणून लिहिते. माझ्या ऑफिसातल्या दोन वरिष्ठ बायका कृष्णवर्णीय सोरॉरिटींच्या सभासद आहेत, दोघी साठीच्या आसपास. इथल्याच हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा आणि १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा सुरू झाली. डेल्टाच्या २२ संस्थापक मुली. जानेवारीत संघटना काढली आणि ३ मार्चला वॉशिंग्टनच्या रस्त्यावर बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या.

या संघटनांचे पदवीनंतरचे चॅप्टर असतात. नोकरदार बाई तिशी-चाळिशीतही नव्यानं सभासद होऊ शकते. मतदार नोंदणी, शिष्यवृत्त्या, तब्येतीची शिबिरं अशी कामं वर्षभर चालू. हॉवर्डमध्ये शिकलेल्या कमला हॅरिस अल्फा कप्पा अल्फाच्या, आणि त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा गुलाबी-हिरव्या कपड्यांत मोत्यांच्या माळा घालून उतरलेल्या बायकांत आज्या होत्या. ओहायोताई, तिथे उत्साह वयाबरोबर वाढताना मी रोज बघते. चार वर्षांनी जिथे कामच उरत नाही, तिथे तो जाणारच.

ओहायोची आई:
डीसीवाली, हे मला माहीत नव्हतं, आणि तुमचा कामाचा मुद्दा मान्य. पण टिकलेला उत्साह दर वेळी चांगलाच असतो का? २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या ‘क्रिमझन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानं छापलं होतं की एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला घ्यायची सभासद मुलींची तयारी होती. माजी सभासदांनी ते अडवलं. कॉलेज सोडून किती वर्षं झालेल्या त्या बायका! त्यांचाही उत्साह मुरलेलाच होता. ते वाचल्यापासून मला माझ्या लेकीचा कंटाळा जास्त निकोप वाटतो.

सध्या तिसऱ्या वर्षात:
काकू, मी तुमच्या लेकीच्याच वयाची, एका चॅप्टरची पदाधिकारी आहे. गुण देताना मलाही पोटात ढवळतं. पण ज्यांना ढवळतं त्याच मुली दंड भरून घरी बसल्या, तर मतं कोणाची उरतात? २०२० च्या उन्हाळ्यात व्हँडरबिल्टसारख्या विद्यापीठांत कितीतरी मुली अशाच भेदभावाच्या निषेधात राजीनामे देऊन बाहेर पडल्या. त्यानंतर अनेक राष्ट्रीय संघटनांनी ‘लेगसी’ची, म्हणजे सभासदांच्या मुली-बहिणींना झुकतं माप द्यायची पद्धत काढून टाकली. बाहेर पडलेल्यांनी आवाज केला म्हणून ते झालं, पण आत राहून भांडणाऱ्याही लागल्याच. अलाबामात तरी बातमी बाहेर कशी आली? आतल्या मुली बोलल्या म्हणूनच ना! मला पहिल्या वर्षीसारखं नाचावंसं वाटत नाही. तरी मी दर आठवड्याला मीटिंगला जाते आणि हात वर करते. तिलाही या म्हणावं.

ओहायोची आई:
बाळा, तुझं लिहिलेलं लेकीला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मीटिंगचं ठरवलं नाहीये, दंडाचे पैसे बाजूला काढलेत. पण फोन ठेवते आता, माझ्या ‘लिटल’ची, म्हणजे मला नेमून दिलेल्या धाकट्या बहिणीची, शनिवारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा आहे आणि ती पोर सकाळपासून जेवलेली नाही, तिच्यासाठी खिचडी टाकायची आहे.