पेट्रोल फिल्टर काढण्याआधी लाईनमधलं प्रेशर कसं उतरवायचं?

प्रश्न: एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली) पेट्रोल गाडी, फिल्टर बॉनेटखाली. गाडी रात्रभर उभी असेल तर थेट पाईप काढला तर चालेल का?

उत्तर १: नको. पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) प्रेशर धरून ठेवतो, म्हणून रात्रभराचा भरवसा नाही. चालू गाडीत साधारण ३ ते ४ बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) असतं. क्लिप सुटताच फवारा थेट डोळ्यांत. इंजिन थंड असताना आधी टाकीचं झाकण उघडा. फ्यूल पंपाचा फ्यूज किंवा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) काढा (जागा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर छापलेली असते), इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या. मग २-३ सेकंद सेल्फ मारा. किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

उत्तर २: तरीही पाईपात पेट्रोल उरतंच. जोडाभोवती जाड सुती फडकं गुंडाळून लॉक हळूच दाबा, खाली भांडं ठेवा. चष्मा हवाच. पेटता दिवा, सिगारेट, ग्राइंडर जवळपास नको, आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा.

प्रश्न: हीच पद्धत डिझेलला चालेल?

उत्तर १: कॉमन रेलला (एकाच पाईपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी पद्धत) अजिबात नाही! तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, बारीक धारही कातडीत घुसते. डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोलची हाय प्रेशर बाजूही कंपनीच्या मॅन्युअलशिवाय उघडू नका.

उत्तर २: जोडताना लॉकचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे, पाईप ओढूनही बघा. फ्यूज किंवा रिले लावा, बॅटरीची तार जोडा, किल्ली तीन-चारदा ऑन-ऑफ करा आणि गळती तपासूनच स्टार्ट मारा.